पाला घरात राहील

लुलाशचा ट्रक चर्चपुढच्या पटांगणात येऊन थांबला की गाव उन्हाळा संपला असं धरून चालायचं. मग घराघरातून शेरबेलीची पोती निघायची. कुणाची गाढवावर, कुणाची हातगाडीवर, कुणाची नुसती पाठीवर. त्या दगडाळ रानात मका रुसायचा, बटाटा कुजायचा, पण शेरबेल सहसा दगा द्यायची नाही. गुडघाभर झुडपं, करडी लवदार पानं. ती कापायची, सावलीत वाळवायची आणि लुलाशच्या पत्र्याच्या शेडात नेऊन ओतायची. तिथून तो पाला पुढे कुठं कुठं जायचा; कुणाच्या चहात, कुणाच्या औषधात, कुणाच्या मटणाच्या मसाल्यात. पुढचं गावाला ठाऊक नव्हतं. लुलाशला ठाऊक होतं, आणि त्याचा सगळा तोरा त्यावरच चालायचा.

त्या वर्षी पाश्कोच्या घरातून एकही पोतं निघालं नाही.

दुपारपर्यंत वाट बघून लुलाश स्वतःच चढण चढून वर आला. रीतीप्रमाणे फाटकाबाहेर थांबला आणि तिथून ओरडला, "ओ घरधनी! आहेस का?"

"आहे. ये, घर तुझंच," पाश्को म्हणाला. फाटकातून हाक देणाऱ्याला दुसरं काही म्हणता येत नाही.

द्रानेनं कॉफी केली. घरातली सून म्हणून कॉफी द्यायची आणि कप रिकामे होईपर्यंत तबक घेऊन दाराशी उभं राहायचं, हे तिचं काम. शहरात चार वर्षं कॉलेज केलं तरी ते काम सुटलं नव्हतं. पायाशी पाळण्यात तिची सहा महिन्यांची मुलगी मारे झोपली होती. एका पायानं द्राने पाळणा हलवत होती.

"गाढव मेलं का रे तुझं?" लुलाशनं विचारलं. तो आणि पाश्को एका वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेले.

"गाढव ठणठणीत आहे. पाला देणार नाही म्हटलं यंदा."

"का? दुसरा कुणी गाठलास?"

"कुणी नाही. घरात ठेवतो. वसंतात बाहेरचे खरेदीवाले फिरायला लागलेत आता. त्यांनाच दाखवतो."

लुलाश इतका हसला की कॉफी बशीत सांडली. "वसंतात! अरे, मधे हिवाळा असतो एक. तळ्यावरनं पाऊस उठला की तुझ्या भिंतींना घाम फुटतो. चूल पेटवलेल्या घरात तुमचे पाय सुकत नाहीत आणि पाला सुका ठेवणार म्हणे. माझ्या शेडावर पत्रा आहे, बाबा. खाली सिमेंट आहे."

"पत्रा आहे म्हणूनच," द्राने दाराशी उभी राहूनच म्हणाली.

लुलाशनं तिच्याकडे बघितलं नाही. तो पाश्कोकडे बघत राहिला.

"मारे पोटात असताना, हिवाळा सरता सरता, मी आले होते तुमच्या शेडात," द्राने म्हणाली. तिनं तबक छातीशी घट्ट धरलं. "आमची पोती वर, अगदी पत्र्याला टेकलेली. खालची सिमेंटवर ओली. हात घातला तर पत्र्याच्या तापानं पाला तंबाखूसारखा. तपकिरी. वासाचं नाव नाही. तुम्ही बाबांना सांगितलंत, तुझा पाला मुळातच हलका, तेल काढायच्या बॉयलरला घालतो, तेवढाच उपकार."

"सून बोलते वाटतं तुझ्या घरात," लुलाश पाश्कोला म्हणाला.

"बोलते," पाश्को म्हणाला. "मला आधी सांगून बोलते, एवढं बरं आहे."

चुलीपाशी पाठमोरी बसलेली प्रेंदा, द्रानेची सासू, मान न वळवता म्हणाली, "कॉफी निवतेय, लुलाश. पिऊन टाक."

लुलाशनं कप उपडा ठेवला आणि उठला. "ठेवा. जरूर ठेवा. कुजला की येशील माझ्याकडे, पाश्को. तेव्हा मी फाटकावर उभा करीन तुला. आणि पुढच्या वर्षापासनं तुझं पोतं माझ्या ट्रकवर चढायचं नाही. मग शेरबेलीची झुडपं उपट आणि दगडं पेर."

तो गेला. फाटकापर्यंत पोचवायला पाश्को गेला, तेही रीतीनंच. परत आला तो टोपी हातात घेऊन. पांढऱ्या लोकरीची टोपी तो डोक्यावरून काढायचा नाही सहसा.

"आता नीट ठेवायला लागेल," तो म्हणाला. एवढंच.

*

शेवटच्या कापणीचा पाला माळ्यावर पसरलेला होता. पहाटे दव उतरलं की पानं जराशी लुळी पडत. तेवढ्यात तो हलवून घ्यायचा; ऊन चढल्यावर हात लावला तर पानाचा भुगा. आणि भुगा झाला की संपलं. अख्खं पान वास आत धरून ठेवतं, भुगा महिन्या-दोन महिन्यांत मातीच्या वासाचा होतो. म्हणून द्राने आणि प्रेंदा पहाटे माळ्यावर गुडघ्यांवर सरकत पाला गोळा करत. द्रानेच्या पाठीला शालीत मारे बांधलेली. बाळ खोकलं की द्राने थांबायची, हात मागे नेऊन मानेखाली बोटं घालून बघायची. गरम नाही. मग तोच हात पाल्यात.

"दर वेळेला काय बघतेस? खोकला म्हणजे खोकला," प्रेंदा म्हणायची.

"बघितलेलं बरं असतं, आई."

"बघून बघून कुणी बरं झालेलं ऐकलं नाही मी."

वरच्या मजल्यावर उत्तरेकडची एक दगडी खोली होती, एरवी कांदे आणि चीज ठेवायची. कांदे, चीज बाहेर काढलं. द्रानेनं फरशी राखेनं घासली. पाश्कोनं बीचच्या फळ्या आडव्या टाकल्या, भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वीतभर वर. खिडकीला आतून काळी घोंगडी ठोकली. उजेडानं पानाचा रंग उडतो. आणि पोत्यांसाठी द्रानेनं शहरातून जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणवल्या. हवा आत जायला नको, पाणी आत जायला नको. तोंडाला सुतळी, वर मेणबत्तीचं मेण.

"श्वास कसा घेणार तो?" पाश्कोनं विचारलं.

"श्वास घ्यायलाच नको त्याला, बाबा. हवेतनंच ओल येते."

पाश्कोनं मान हलवली. कॉलेजातली आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. पण ते त्यानं म्हटलं नाही.

दुपारच्या उन्हात पाला कडकडीत होता. पान चुरलं की काचेसारखं वाजत होतं. पहाटेची वाट न बघता द्रानेनं तो घाईघाईनं भरला, कारण मारे खाली रडत होती आणि आभाळ तळ्याच्या बाजूनं काळवंडत होतं. देठ मोडून बघायचा राहिला. तिला माहीत होतं की देठ मोडून बघायचा असतो. तटकन मोडला पाहिजे, वाकता कामा नये. तिला माहीत होतं आणि तिनं बघितला नाही.

दोन आठवड्यांनी ती खोलीत गेली तेव्हा कोपऱ्यातल्या पिशव्यांना आतून बारीक थेंब धरलेले दिसले. पान कोरडं होतं, देठातली ओल मात्र बाहेर येत होती आणि तिला जायला जागा नव्हती. मेण फोडून तिनं हात घातला. आतला पाला कोमट लागला, आजारी माणसाच्या अंथरुणासारखा. तळाशी काळी बुरशी.

ती तिथंच खाली बसली. मग उठून एकेक पिशवी खाली अंगणात ओढत आणली आणि उघडून ठेवली. पाश्को गोठ्यातून आला. पिशव्या बघितल्या, वाकून हातात पाला घेतला, हुंगला, टाकला. तो काही बोलला असता तर द्रानेला बरं वाटलं असतं.

"मेंढ्यांखाली घाला तो," प्रेंदा म्हणाली. "नाहीतर लुलाशला वास जाईल इथनं."

सडलेल्या दोन पिशव्या मेंढ्यांखाली गेल्या. बाकीचा पाला द्रानेनं पुन्हा पसरला. माळ्यावर, पलंगावर, टेबलावर, चुलीजवळच्या बाकावर. भाकरीची भट्टी विझल्यावर तिच्या ऊबेत पत्र्याची ताटं सरकवली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मक्याची भाकरी उभ्यानं खाल्ली सगळ्यांनी. देठ मोडून मोडून तिच्या अंगठ्याचं कातडं फुटलं. जो वाकला तो परत ताटात.

मग प्लॅस्टिक नको, तर काय? कापड. घट्ट विणीचं, धुवट, बिनवासाचं. तसं कापड घरात एकच होतं. द्रानेनं आपली लग्नाची पेटी उघडली आणि आईनं दिलेल्या पांढऱ्या चादरी बाहेर काढल्या. कडांना आईनं स्वतः वेलबुट्टी भरलेली. तिनं कात्री घातली.

प्रेंदानं कात्रीचा आवाज ऐकून वर डोकावलं. "अगं! लग्नाच्या चादरी!"

"झेफ इटलीत विटा उचलतो. मी कुणाबरोबर झोपणार आहे या चादरींवर?"

प्रेंदा आत आली. मग खाली बसली, सुई मागितली आणि शिवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्याकडेही दोन आहेत. पिवळ्या पडल्यात, पण घट्ट आहेत."

*

नोव्हेंबरात पाऊस लागला. तळ्यावरून उठून डोंगराला आपटायचा आणि तिथंच अडकून राहायचा. अंगणात पाणी, गोठ्यात पाणी, लाकडं पेटेनात. द्राने दिवसातून तीन-चार वेळा वर जायची. पोत्याच्या पोटात मूठ खोल घालायची, पान बाहेर काढून तळहातावर चोळायची, नाकाशी धरायची. आधी कापरासारखा झणका, मग त्यामागून कडवटपणा. वास आहे. पोती उलटीपालटी करायची, खालची वर, भिंतीकडची मधे. कडाक्याच्या कोरड्या दिवशी खिडकी तासभर उघडायची, पावसात कधीच नाही. खोलीतली ओल ओढायला कोपऱ्यांत कळीच्या चुन्याचे डबे ठेवले होते, ते आठवड्यानं फुगायचे, फुटायचे. नवे भरायचे.

नवऱ्याचा, झेफचा, फोन आला की मागं सिमेंटच्या मिक्सरची घरघर ऐकू यायची.

"अजून आहे का घरात तो?"

"आहे."

"देऊन टाक ना लुलाशला. कटकट मिटव. बाबा म्हातारे, तू एकटी, पोरगी लहान."

"तू इथं नाहीस, झेफ."

"नाही म्हणूनच सांगतोय."

"आहेस तसा राहा. मी बघते."

मग मारेचा खोकला छातीत उतरला. रडताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठांभोवती निळसर कड दिसली. द्रानेनं तिला कोटाच्या आत बांधलं, शेजारच्या वितोरेच्या जुन्या गाडीत बसली आणि शहरात गेली. दवाखान्यात तिला नळी लावली, सुई लावली. द्राने खुर्चीवर बसून पोरीच्या छातीचं वरखाली होणं मोजत राहिली. मधूनच तिला वाटायचं, इथं बसून आपण खोलीतली पोती मोजतोय. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि ती पोरीच्या कपाळाला ओठ लावायची.

मारे बरी झाली. परतताना पाऊस होताच.

अंगणात शिरतानाच द्रानेला बीचच्या धुराचा वास आला. डिसेंबर लागला होता, डुक्कर कापून झालं असणार, मांड्या धुराच्या खोलीत टांगल्या असणार. त्यात नवल नव्हतं. तिनं पोरगी प्रेंदाच्या हातात दिली, ओला कोट काढला आणि तशीच वर गेली.

निम्म्या फळ्या रिकाम्या होत्या.

"बाबा!" तिनं जिन्यावरून हाक मारली. "पोती कुठायत?"

पाश्को चुलीपाशी होता. त्याचा चेहरा उजळला. "ये, दाखवतो."

तो तिला अंगणापलीकडच्या धुराच्या खोलीत घेऊन गेला. खाली बीचचा ओंडका धुमसत होता. वर डुकराच्या मांड्या लोंबत होत्या, त्यांची चरबी ठिबकत होती, आणि मांड्यांच्या मधे एका रांगेत तिच्या लग्नाच्या चादरी टांगल्या होत्या. पिवळसर झालेल्या.

"उत्तरेच्या भिंतीला पाणी सुटलं गं," पाश्को सांगत होता. "धार थांबेचना. म्हटलं, पोरगी दवाखान्यात आहे, परत आल्यावर तिला कुजका पाला दिसायला नको. मागं झालं तसं व्हायला नको. निम्मी तरी वाचवली. बघ, हात घाल. कसा खडखडीत."

पाला खडखडीत होता. देठ तटकन मोडत होता. द्रानेनं पान चोळून नाकाशी नेलं. धूर, खारं मांस, चरबी. शेरबेल कुठंतरी खूप मागं होती.

"बाबा, याला धूर लागला."

"लागणारच. धूर म्हणजे कोरडेपणा. माझ्या बापानं अळंबी, मिरच्या, पुदिना, सगळं इथंच ठेवलं. कधी किडा लागला नाही."

"ते घरात खायला होतं. आपल्याला धुराचा वास कळतसुद्धा नाही, रोजचा आहे. हा परक्या माणसाच्या चहात जाणार आहे. त्याला चहा पिताना डुकराची मांडी आठवेल."

पाश्कोनं पोत्यातून मूठभर पाला घेतला आणि हुंगला. पुन्हा हुंगला. त्याला खरंच वेगळं काही लागत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग त्यानं आपली बाही हुंगली, मग पुन्हा पाला. हळूहळू त्याचा हात खाली आला.

"उन्हात टाकला तर?"

"जाणार नाही तो वास."

"धुतला तर?"

"बाबा, पाला आहे. धुवायला काय तो!"

तिला तसं बोलायचं नव्हतं. पण बोलली, आणि माफी मागितली नाही. पाश्को बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

घरात आल्यावर प्रेंदानं तिला गाठलं. "एकट्यानं उचलली त्यानं पोती. कंबर वाकत नाही त्याची. वरनं खाली, खालनं इकडं. मी म्हटलं थांब, सून येऊ दे. म्हणाला, तिला यायच्या आधीच करून ठेवतो."

"माहितेय मला."

"माहितेय तर तोंड जरा सैल सोड. तुझ्या प्लॅस्टिकच्या वेळी तो एक अक्षर बोलला नव्हता."

"तेच तर," द्राने म्हणाली. "तेव्हाच बोलायला पाहिजे होतं त्यांनी. मग मलाही विचारलं असतं त्यांनी, पोती हलवायच्या आधी."

त्यानंतर पाश्को वरच्या खोलीत गेला नाही. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत यायचा, कळीच्या चुन्याचा डबा तिथं ठेवायचा आणि वळायचा. द्रानेनं उरलेली निम्मी पोती पाणी सुटलेल्या भिंतीपासून लांब सरकवली, भिंतीला डांबर फासून घेतलं, आणि ती एकटीच उलटीपालटी करत राहिली. धुराची पोती धुराच्या खोलीतच राहिली.

*

अशा गोष्टी गावात लपत नाहीत. वितोरेनं चर्चमध्ये कुणाला तरी सांगितलं असेल, किंवा प्रेंदाच बोलली असेल. फेब्रुवारीत, पाऊस जरा ओसरलेला असताना, लुलाशचा ट्रक थेट अंगणात चढून आला. आजपर्यंत तो कुणाच्या अंगणात आला नव्हता.

"ओ घरधनी!"

"ये."

पुन्हा कॉफी. पुन्हा द्राने तबक घेऊन दाराशी. या खेपेला लुलाश मऊ होता. त्यानं मारेच्या तब्येतीची चौकशी केली, तिच्या हातात खाऊची गोळी दिली. प्रेंदानं ती काढून घेतली.

"ऐकलं, निम्मा धुरात गेला म्हणे," तो म्हणाला. "होतं असं. तुझा बाप, माझा बाप, सगळे तसंच ठेवायचे. त्यात लाज कसली? मी घेतो तो."

पाश्कोनं मान वर केली. "धुराचा?"

"धुराचा. चांगल्याच्या भावानं घेतो. वरचाही दे, सगळा एकच धरतो. तुझं काही बिघडलंच नाही असं समज. पुढच्या वर्षापासनं पाला थेट शेडात, आधीसारखा. तू माझ्या बाकावर बसलेला माणूस आहेस, पाश्को. तुला मी फाटकावर उभा करणार होय?"

पाश्कोनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. त्याच्या तळहातांना अजून काळसर डाग होते, ओंडक्यांचे. मग त्यानं दाराकडे मान वळवली आणि पाहुण्यासमोर, सुनेला, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तू काय म्हणतेस?"

द्रानेला उत्तर ठाऊक होतं, पण ते सोपं नव्हतं. हो म्हटलं तर म्हाताऱ्याची चूक पुसली जात होती. जणू ती झालीच नाही. नाही म्हटलं तर धुराची पोती तिथंच लोंबत राहणार, रोज त्याच्या डोळ्यांसमोर. मारे पाळण्यात कुरकुरत होती. प्रेंदा चुलीतला निखारा उगाच इकडून तिकडे करत होती.

"काका, तुम्ही त्याचं काय करणार?"

"माझ्या ढिगात पसरीन. एवढ्या ढिगात तुझी चार पोती. कोण हुंगणार?"

"जो पिशवी उघडेल तो हुंगेल," द्राने म्हणाली. "तो म्हणेल, या खोऱ्यातल्या पाल्याला डुकराचा वास येतो. कुठल्या घरातला हे तो विचारणार नाही. सगळ्या खोऱ्याचंच नाव निघेल. मग वसंतात फिरायला लागलेत ते खरेदीवाले इकडे फिरकणार नाहीत. मग घेणारे तुम्हीच उरता."

लुलाश हसला, पण कप त्याच्या हातात अर्ध्यावर थांबला.

"लोकांवर उपकार करायला आलो तर शहाणपण ऐकायला मिळतं."

"उपकार नको आम्हाला. चूक आमच्या घरातली आहे. माझी एक आणि बाबांची एक. ती आमच्याच घरात राहील. पालाही घरात राहील. वरचा वसंताची वाट बघेल. खालचा कुणालाच विकायचा नाही."

"कुणालाच?"

"तुम्हालाही नाही."

लुलाशनं पाश्कोकडे बघितलं. "ऐकतोयस?"

"ऐकलं," पाश्को म्हणाला. त्यानं टोपी उचलली आणि डोक्यावर नीट दाबून बसवली. "तूही ऐकलंस."

लुलाश उठला. कॉफी तशीच राहिली. "मग लोंबत ठेवा ते घाणेरडं. पुढच्या उन्हाळ्यात ट्रक तुमच्या दारावरनं नेईन, थांबणार नाही."

तो ट्रकमध्ये चढला, इंजिन चालू केलं. ट्रक एक हात मागं सरकला आणि मागची चाकं चिखलात बसली. जोर दिला तशी आणखी खाली गेली, लाल चिखल उडून भिंतीवर बसला.

पाहुणा फाटकाबाहेर पडेपर्यंत पाहुणाच. पाश्कोनं ट्रकच्या मागं खांदा लावला. द्रानेनंही लावला. चाकं फिरत राहिली. पाश्कोचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आपटला.

"असं होणार नाही!" लुलाश खिडकीतून ओरडला. "खाली काहीतरी घाल! पेंढा घाल!"

"पेंढा मेंढ्यांना आहे," पाश्को म्हणाला.

"मग फांद्या घाल, पोती घाल, काहीही घाल! इथंच मुक्काम करू का मी?"

द्राने अंगण ओलांडून धुराच्या खोलीत गेली. टांगलेलं पहिलं पोतं खाली ओढलं, फरफटत आणलं. प्रेंदानं घातलेली शिवण घट्ट होती. तिनं दातांनी तोडली. मग मागच्या उजव्या चाकाखाली पोतं उपडं केलं. करडी पानं चिखलावर ओतली गेली आणि धुराचा, मांसाचा, खाऱ्या चरबीचा भपकारा उठला.

"वेडी झालीस का?" लुलाश दार उघडून अर्धा बाहेर आला. "अगं, माल आहे तो!"

"नाही काका. माल वर आहे."

तिनं मोकळी चादर घडी करून भिंतीवर टाकली आणि दुसऱ्या पोत्यासाठी वळली. पण पाश्को आधीच खोलीच्या दारात पोचला होता. दोन्ही हातांनी पोतं पोटाशी धरून, चिखलानं माखलेल्या गुडघ्यांनी, लंगडत आला. डाव्या चाकाखाली ओतलं. परत गेला. पुन्हा आला. द्राने त्याला मदत करायला पुढं झाली तर तो म्हणाला, "राहू दे. मी नेली होती, मीच आणतो."

शेवटचं पोतं त्यानं दोन्ही चाकांच्या मधे झटकून रिकामं केलं, कोपरे उलटे करून, एक पान आत राहू नये म्हणून.

"घे आता," त्यानं हात वर केला. "हळू."

लुलाशनं आत बसून दार ओढून घेतलं. मग त्यानं गिअर टाकला. चाकांनी पाला धरला, भरडला, चिखलाशी मळला, आणि ट्रक हेलकावत वर आला. रिकामाच फाटकातून बाहेर पडला. पाश्को मागोमाग फाटकापर्यंत चालत गेला, पोचवायला.

वरच्या खिडकीत प्रेंदा मारेला कडेवर घेऊन उभी होती. तिनं खिडकी उघडली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "हळू जा रे, लुलाश! चाकं चाटायला गावातली कुत्री मागं लागतील!"

मारे हसली, किंवा खोकली. द्रानेनं वर बघितलं. हसली होती.

तिनं अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, हुंगले, आणि वर गेली. घोंगडीआडच्या अंधारात पोती शांत उभी होती. तिनं सर्वांत आतल्या पोत्यात हात घातला, पान काढलं, चोळलं. कापराचा झणका थेट डोळ्यांत गेला.

जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरी थांबून. दाराशी येऊन थांबली.

द्रानेनं वळून बघितलं. पाश्को उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याचेही हात ओले होते. त्यानं आपला जाड लोकरीचा कोट उतरवला, जो घालून तो वर्षानुवर्षं धुराच्या खोलीत जायचा. बाहेरच्या खुंटीला अडकवला. टोपी काढली, तीही अडकवली. फेब्रुवारीच्या गारठ्यात तो नुसत्या सदऱ्यावर उभा राहिला, विरळ पांढरे केस विस्कटलेले. बाही नाकाशी नेऊन बघितली. मग उंबरा ओलांडून आत आला.

"कुठल्या बाजूनं उलटायची?" त्यानं विचारलं.

"भिंतीकडनं, बाबा."

त्यानं वाकून पहिलं पोतं धरलं. दुसरं टोक तिनं धरलं.